वगळलेलं घर

आमच्या वाडीत सगळ्यांचंच आडनाव नारिता. आडनावाने हाक मारली तर अकराच्या अकरा दारं उघडतील, म्हणून आम्ही एकमेकांना घराच्या नावाने ओळखतो. मी पुलाकडचा. माझ्या पलीकडे जुन्या गिरणीचं घर आणि त्याच्याही वर, चढावर, देवळाखालचं घर. गिरणीच्या घरात फुसासान एकावन्न वर्षं राहिल्या. त्यांच्याबद्दल लिहायला माझ्यापेक्षा बरी माणसं होती. ती आता शहरात मुलांकडे तरी राहतात किंवा राहिली नाहीत. म्हणून मी लिहितो आहे. नीट जमेल असं वाटत नाही.

फुसासान शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होत्या. सुरुवातीला दोनशे मुलांचं मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं सार त्या ढवळायच्या. शेवटच्या वर्षी शाळेत चौदा मुलं होती आणि तरी म्हणे पातेलं तेच होतं. शाळा बंद झाली तेव्हा त्या अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. आवाज खणखणीत. पुलावरून त्या नवऱ्याला हाक मारायच्या ती मला लाकडाच्या वखारीत करवतीच्या आवाजातही ऐकू यायची. नवरा एइकिचि. ट्रकवरून देवदाराचे ओंडके न्यायचा. दिवसाला दहा शब्द बोलत असेल. फुसासान म्हणायच्या, "त्याच्या वाटचे उरलेले मी बोलते, हिशोब बरोबर." एक मुलगी होती, ती लग्न होऊन सेंदाई शहरात गेली. दर रविवारी फोन करायची.

माझं लग्न झालं नाही. आई गेल्यावर मी एकटाच. एवढं पुरे.

आमच्या खोऱ्यात दहा-बारा वर्षांत काही माणसं आपल्या हाताने जीव देऊन गेली. आमच्या वाडीतलीच तिघं. त्याबद्दल कोणी बोलत नसे. "तो लवकर गेला" एवढं म्हणायचं आणि बर्फाकडे वळायचं. अंत्यविधीला सगळे जायचे, घरी येऊन दार ओढून घ्यायचे. मग गावच्या कचेरीतून मिकामी नावाची आरोग्यसेविका आली. तिशीतली असेल. तिने आमच्या सभाघरात बैठक बोलावली. पाच जण गेलो. ती म्हणाली, डॉक्टर लांब आहेत, मी एकटी आहे, वाडीतच ऐकून घेणारं कोणीतरी पाहिजे. सगळे चटईकडे बघत बसले. फुसासाननी हात वर केला.

"चहा गार होतोय," त्या म्हणाल्या. "कोणीतरी हो म्हटल्याशिवाय ही पोरगी आपल्याला पिऊ देणार नाही."

दोन दिवसांचं शिक्षण घेऊन त्या परत आल्या आणि आम्हालाच शिकवायला लागल्या. जोड्या करून एकमेकांना विचारायचं. माणूस फार खचलेला दिसला तर आडून-आडून नाही, सरळ विचारायचं, मरावंसं वाटतंय का. विचारल्याने कोणाच्या डोक्यात ते भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते, असं मिकामीसानने सांगितलं होतं. माझी जोडी फुसासानबरोबर पडली. माझ्या तोंडून शब्दच फुटेना.

"अहो पुलाकडचे, निदान मी कशी आहे एवढं तरी विचारा," त्या म्हणाल्या.

"कशा आहात?"

"मेले मी तुमची वाट बघून!" सगळे हसले. मीही हसलो. माझी पाळी तेवढ्यावरच संपली.

पहिलं वर्ष वाईट गेलं. फुसासान ज्या दारी जायच्या ते दार पटकन लागायचं. त्या आल्या म्हणजे आपलं नाव कसल्या तरी यादीत लागलं, असं लोकांना वाटे. देवळाखालच्या इशिसान तर आतूनच ओरडल्या होत्या, "मी अजून मरत नाही गं! दुसऱ्या कोणाकडे जा!" इशिसान वयाने आमच्या सगळ्यांत मोठ्या, आणि जीभ त्याहून मोठी.

मग फुसासाननी एक युक्ती केली. त्या रिकामी बरणी घेऊन जायला लागल्या. "माझा मुळा यंदा बिघडला, तुमचा थोडा द्या." आमच्याकडे मुळे छताखाली धुरावर टांगतात आणि मग भाताच्या कोंड्यात मिठाने मुरत घालतात. प्रत्येक घरची चव वेगळी आणि प्रत्येक घराला आपलीच खरी वाटते. मुळा मागितला की माणूस दार लावू शकत नाही. आत घेतो, कापून देतो, वर चहा देतो, आणि शेजारणीचा मुळा कसा खारट असतो ते सांगत बसतो. तासाभराने मुळ्याचं संपतं आणि दुसरं निघतं. खरं तर फुसासानचा मुळा वाडीत सगळ्यांत चांगला होता. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी कधी बोलून दाखवलं नाही.

दुसरी गोष्ट त्यांनी केली ती पाटीची. कचेरीच्या सूचना एका चिमट्याच्या पाटीला लावून घरोघर फिरतात. वाचायच्या, आपल्या नावाचा शिक्का मारायचा, पुढच्या घरी न्यायची. पूर्वी आम्ही पाटी पुढच्या दाराच्या पेटीत टाकून निघून यायचो. फुसासान म्हणाल्या, पेटीत नाही. हातात द्यायची. हाक मारायची, दार उघडलं नाही तर मागच्या बाजूला जायचं, माणसाचं तोंड बघितल्याशिवाय परतायचं नाही. माझ्यासारख्याला हा जाच होता. पण दर दहा दिवसांनी मला फुसासानचं दार वाजवावं लागे आणि एक-दोन वाक्यं बोलावी लागत. कधीकधी महिनाभरात माझं एखाद्या माणसाशी झालेलं बोलणं तेवढंच असे.

सात वर्षं आमच्या वाडीत कोणी तसं गेलं नाही. वाडीतले दोघे अगदी काठावर होते. कोण ते मी लिहिणार नाही. दोघेही अजून मुळा घालतात.

त्यानंतरच्या नोव्हेंबरमध्ये एइकिचिसान गेले. ट्रक सोडून बारा वर्षं झाली होती. सकाळी अंगणात, बर्फ अडवायला खिडक्यांवर लावतात त्या फळ्या काढायला वाकले ते उठले नाहीत. फुसासान आतून "चहा" म्हणून ओरडत राहिल्या. सवयीने उत्तर येणार नव्हतंच, म्हणून त्यांना कळायलाही उशीर झाला.

ज्या घरात मृत्यू झाला त्या घराला आमच्याकडे त्रास द्यायचा नसतो. नवीन वर्षाच्या शुभेच्छा द्यायच्या नाहीत, सभाघराच्या छपरावरचा बर्फ काढायच्या पाळीतून नाव काढायचं, वर्गणीला जायचं नाही. त्यांना शांतपणे बसू द्यायचं. त्या वर्षी वाडीचा कारभार माझ्याकडे होता. घरागणिक फिरतो, म्हणून आला होता. मी पाळ्यांचा कागद नव्याने लिहिला. फुसासानचं नाव बर्फाच्या पाळीतून काढलं. दर गुरुवारी वाडी सभाघरात चहाला जमायची, ते त्यांचं चहाचं काम दुसऱ्यांकडे दिलं. पाटीच्या क्रमात पुलाकडचं घर, मग देवळाखालचं घर असं लिहिलं. मधलं गाळलं. इशिसानना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "बरं केलंस. बिचारीला जरा उसंत मिळू दे." सगळ्यांनी शिक्के मारले. मला वाटलं, एकदा तरी मी काहीतरी नीट केलं.

शोकाचे एकोणपन्नास दिवस पुरे झाले तेव्हा जानेवारी उजाडला होता. क्रम परत पहिल्यासारखा करायला हवा होता. पण करायचा तर त्यांना विचारायला हवं, विचारायचं तर दार वाजवायला हवं, आणि दार वाजवून काय बोलायचं? नवीन वर्षाचं बोलता येत नाही. एइकिचिसानचं बोलवत नाही. वाटेत भेटल्या की त्या लवून म्हणायच्या, "मी ठीक आहे. काळजी नको." आवाज खाली आला होता. आम्हाला वाटलं, शोक आहे, येणारच. शिवाय त्या शिकलेल्या. आम्हाला शिकवणारीला आम्ही काय विचारणार?

मी त्यांच्या घरावरून पाटी घेऊन जायचो. आमच्या आणि त्यांच्या घरामधली वाट हिवाळ्यात माणसाच्या उंचीच्या दोन बर्फाच्या भिंतींमधून जाते. त्यांच्या दारापाशी मी पाय हलके टाकायचो. त्यांना वाटू नये की कोणी आलं.

फेब्रुवारीत एका सकाळी दहाच्या सुमारास माझं दार वाजलं. फुसासान. केस नीट विंचरलेले, अंगावर चांगला कोट. हातात कापडी पिशवी.

"मुळ्याचं बी आहे," त्या म्हणाल्या. "घरचं. मला आता नको. तुम्ही लावा."

"मला लावता येत नाही."

"येईल. त्यात काय आहे?" मग त्या खाली वाकल्या, अगदी पूर्ण, आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं फार सांभाळून घेतलंत. आभारी आहे."

मीही वाकलो. आमच्यात असं बोलतात. दार सरकवून लावलं आणि आत जाऊन शेगडीपाशी बसलो.

पिशवी मांडीवर होती. बी बरंच होतं, दोन-तीन वर्षं पुरेल एवढं. मला वाटलं, फुसासान हसल्या का आत्ता? हसल्या होत्या. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा त्यांचा चेहरा मोकळा दिसला होता. मग मिकामीसानने वाटलेला कागद आठवला. सभाघराच्या भिंतीवर सात वर्षं तो लावलेला आहे. आपल्या जिव्हाळ्याच्या वस्तू देऊन टाकणं. निरोप घेतल्यासारखे आभार मानणं. बरेच दिवस खचलेलं माणूस एकदम शांत दिसणं. मी तो कागद दर गुरुवारी बघत होतो, कारण माणसांकडे बघण्यापेक्षा ते सोपं असे.

मी उठलो. बूट घातले. त्यांच्या दारापर्यंत सत्तर-ऐंशी पावलं असतील. अर्ध्यावर जाऊन मी परत फिरलो. त्या फक्त बी द्यायला आल्या असतील तर? मी भलतंच विचारलं आणि त्यांचा अपमान झाला तर? मी कोण? मिकामीसानला फोन करावा, तिचं ते काम आहे. पण ती गावात, रस्ता बर्फाने भरलेला, यायला तास तरी लागणार. पुलाच्या कठड्यापाशी थोडा वेळ उभा राहिलो. किती ते सांगता येणार नाही. मग परत वळलो आणि या वेळी पावलं मोजली नाहीत.

दार वीतभर उघडलं. आत शेगडी पेटलेली नव्हती. थंडी बाहेरच्याइतकीच होती.

"काय विसरलं?" त्या म्हणाल्या.

"नाही. बर्फ फार आहे यंदा."

"आहे."

"छपरावर बराच साचलाय तुमच्या."

"असू दे."

दार सरकायला लागलं. मी त्यात हात घातला. माझ्या आयुष्यात मी कोणाच्या दारात असा हात घातला नव्हता.

"फुसासान, तुम्हाला," मी म्हणालो आणि अडलो. त्या बघत होत्या. "तुम्हाला मरावंसं वाटतंय का?"

वाक्य फार मोठ्याने बाहेर पडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे.

"हात काढा, चिरडेल."

"नाही काढत."

"आठ वर्षं शिकवलं तेव्हा जमलं नाही तुम्हाला." मग त्या पायरीवर बसल्या. "हो," त्या म्हणाल्या. "आज. दुपारपर्यंत असं ठरवलं होतं."

मी आत गेलो आणि त्यांच्याशेजारी त्याच पायरीवर बसलो, बुटांसकट. काय बोलावं ते कागदावर नव्हतं. ऐकावं एवढंच होतं.

"तो गेला ते मी सोसलं असतं," त्या म्हणाल्या. "रडू यायचं ते येत होतं. पण मी खिडकीत बसते ना. दर दहा दिवसांनी तुम्ही पाटी घेऊन जाताना दिसता. इथे आलात की चोरासारखे चालता. पुढे जाता. इशिसान शिक्का मारतात. पाटी फिरते. मला वाटलं, बघ, मी नाही तरी सगळं बरोबर चाललंय. आधीच चाललंय. मी फक्त उरलेली आहे."

"तो कागद मी लिहिला," मी म्हणालो.

"ठाऊक आहे. अक्षर तुमचंच. इतकं वाईट दुसऱ्या कोणाचं नाही."

"तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून."

"कोणी त्रास दिला असता तर बरं झालं असतं हो!" त्या ओरडल्या. त्यांचा जुना आवाज होता तो. मग त्या रडल्या.

त्यांना एकटं सोडायचं नाही, एवढं मला आठवत होतं. त्यांच्याच फोनवरून मी मिकामीसानला कळवलं, मग इशिसानना. फोनवर नीट सांगता आलं नाही. "गिरणीच्या घरी या," एवढंच म्हणालो. फुसासाननी त्या दिवसासाठी जे बाजूला काढून ठेवलं होतं ते त्यांनी स्वतः माझ्या हातात दिलं आणि मी ते नंतर वाडीबाहेर पोचवलं. त्याबद्दल याहून जास्त लिहायचं नाही.

शहाऐंशी वर्षांच्या इशिसान तो चढ उतरून कशा आल्या देव जाणे. कोटाच्या आत बरणी होती. आल्या, आधी शेगडी पेटवली, मग फुसासानसमोर मुळ्याच्या चकत्या ठेवल्या.

"खा."

"नको इशिसान."

"सात वर्षं माझा मुळा खाऊन माझ्या पोटातलं काढून नेलंस. फुकट होतं का ते? खा आणि बोल."

"तुमचा मुळा खारट असतो," फुसासान म्हणाल्या.

"असू दे. रडताना खारटच बरा."

मिकामीसान दीड तासाने पोचली. त्या दुपारी तिने फुसासानना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. सेंदाईहून मुलगी आली, अकरा दिवस राहिली. ती गेल्यावर वाडीने गिरणीच्या घरी सोबतीच्या पाळ्या लावल्या. या वेळी कागद मी माझ्या मनाने लिहिला नाही, इशिसाननी लिहायला लावला. सकाळी कोण, दुपारी कोण, झोपायला कोण. पहिले चार-पाच दिवस लोक येऊन नुसते बसायचे, कोणाला काय बोलावं कळत नसे. मग कोणीतरी म्हणालं, फुसासान, आमच्या सुनेला सार जमत नाही, जरा बघता का. तेव्हापासून सोपं गेलं.

त्या माझ्याशी मात्र महिनाभर बोलल्या नाहीत. मिकामीसान म्हणाली, असं होतं, ज्याने दार अडवलं त्याचा राग येतो. मला बरंच वाटलं. रागावणं म्हणजे इथेच असणं. औषधं चालू होती. दर दुसऱ्या मंगळवारी दवाखान्यात जायचं असे आणि गाडी चालवणारा मोकळा माणूस मीच. जाताना तीस किलोमीटर आणि येताना तीस, दोघं गप्प. दवाखान्यात एक कागद भरायचा असे. सोबत आलेल्या माणसाचं नातं काय, असा त्यात रकाना होता. पहिल्या वेळी मी तो रिकामा सोडला. दुसऱ्या वेळीही. खिडकीतली बाई म्हणाली, काहीतरी लिहावं लागेल. मी पेन धरून उभा. फुसासाननी ते माझ्या हातातून घेतलं, "दार अडवणारा" असं लिहिलं आणि कागद आत सरकवला. बाईने वाचलं, आमच्याकडे बघितलं, शिक्का मारला. येताना त्या बोलायला लागल्या, ते घर येईपर्यंत थांबल्या नाहीत.

बऱ्या झाल्या असं मी म्हणणार नाही. नोव्हेंबर आला की दरवर्षी त्या खचायच्या आणि आम्ही ते धरून चालायचो. त्यांनी बैठकीत उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं की त्या दिवशी काय होणार होतं. वाडीत पहिल्यांदा कोणीतरी तो शब्द उच्चारला आणि खाली बघितलं नाही. त्याच बैठकीत ठरलं, की ज्या घरात मृत्यू झाला आहे ते घर गाळायचं नाही. शोकाच्या घरी जायचं, बसायचं, काहीतरी काम सांगायचं. जुन्या लोकांना ते उद्धटपणाचं वाटलं. तरी शिक्के पडले.

फुसासान त्यानंतर दहा वर्षं जगल्या. गेल्या जूनमध्ये, दवाखान्यात, दुपारी दोन वाजता, हृदयविकाराने गेल्या. वय चौऱ्याऐंशी. हे मी मुद्दाम लिहितो आहे. आमच्याकडे कोणी गेलं की लोक कसं गेलं ते विचारत नाहीत. फुसासानबद्दल मी न विचारता सांगत सुटलो. पेट्रोल भरणाऱ्यालाही सांगितलं. हृदयविकाराने, म्हातारपणाने, औषधाच्या नळ्या काढून टाका म्हणून नर्सशी भांडता भांडता.

आता वाडीत सहा घरं उरली आहेत. गिरणीचं घर बंद आहे, मुलीने किल्ली माझ्याकडे ठेवली आहे. संध्याकाळी त्या बाजूला दिवा लागत नाही. पुलावरून कोणी हाक मारत नाही. मला एवढं सुनं वाटेल याची कल्पना नव्हती. मी आयुष्यभर एकटाच होतो, मला वाटलं होतं सवय आहे.

अंत्यविधी होऊन आठवडा झाला होता. मुलगी सेंदाईला परत गेली होती. शोकाच्या घरी जायचं असा वाडीचा नियम, पण त्या घरात शोक करायला कोणी नव्हतंच. त्या दिवशी दहाच्या सुमारास माझं दार वाजलं. उघडलं तर बाहेर वाडी उभी. म्हणजे पाच माणसं. सगळ्यांत पुढे इशिसान, वय वर्षं शहाण्णव, चाकाच्या खुर्चीत, ढकलायला त्यांची सून.

"गिरणीच्या घरी गेलो होतो," त्या म्हणाल्या. "कुलूप आहे. मग म्हटलं, तिचं दुःख कोणाकडे असेल तर इथे असेल."

"मी नात्यातला नाही," मी म्हणालो.

"ते कोण विचारतंय? बाजूला हो, चाक अडकलंय."

मी बाजूला झालो. ते आत येऊन बसले. मी पाणी उकळायला ठेवलं. पेले शोधले तर घरात दोनच निघाले. माझा आणि आईचा. सूनबाई घरून आणायला निघाल्या, तर इशिसान म्हणाल्या, "बस गं. आळीपाळीने पिऊ. कोणाला घाई आहे?"

कोणालाच नव्हती. दुपारपर्यंत बसले.